देव न मानणारी आपली माणसे

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांत देव न मानणारे एखादे माणूस निघतेच. कधी ते कॉलेजात जाणारे असते, कधी नोकरीतून निवृत्त झालेले. चवथीला ते गावी येते, माटोळी बांधायला शिडीवर चढते, सुपारीचे शिपटे कुठे आणि कवंडळे कुठे यावरून चुलत्याशी वादही घालते. आरती सुरू झाली की मात्र त्याला नेमके नारळ सोलायचे राहिल्याचे आठवते. घरच्यांना सगळे ठाऊक असते, पण त्यावर बोलणे होत नाही. हा लेख लिहिणारे आम्ही काही सभासद त्यांपैकीच आहोत.

गेल्या काही वर्षांत आमच्यासारख्यांना मोबाइलवर आपल्या विचाराची माणसे भेटू लागली. काही पालकांना याची काळजी वाटते. मुलगा रात्री उशिरापर्यंत कुणाशी बोलत असतो, हे लोक त्याला घरापासून तोडणार तर नाहीत, पुढे आमचे दिवसकार्य कोण करणार, असे प्रश्न त्यांनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे द्यायची तर थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

आधी शब्दाबद्दल. 'नास्तिक' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, पण जुन्या दर्शनशास्त्रात त्याचा अर्थ वेदांचे प्रामाण्य न मानणारा एवढाच होता. त्या हिशेबाने चार्वाकांबरोबर जैन आणि बौद्धही नास्तिक ठरतात. उलट मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी ते आस्तिक, कारण ते वेद मानतात. आज आपण देवाचे अस्तित्व न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो. 'आहे की नाही हे सांगता येत नाही' म्हणणारा तो अज्ञेयवादी. प्रत्यक्षात माणसे एका खणातून दुसऱ्या खणात जात-येत असतात, त्यामुळे या वर्गवारीत फार अडकू नये.

आता गावाकडे येऊ. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत माणूस गावाचा होतो तो देवळामार्फत. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या बहिणी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीही त्यांचीच बहीण, असे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे आपला भूगोलसुद्धा देवींच्या नात्यातून शिकलेला. देवळाचा कारभार महाजनांकडे. त्याचे नियम पोर्तुगीज सरकारने १९३३ साली घालून दिले आणि देवस्थाने अजून त्याच चौकटीत चालतात. महाजनपण जन्माने मिळते, ते बहुतेक ठिकाणी पुरुषवंशाने चालते, आणि नोंदवहीत नाव घालताना तुझा विश्वास आहे का, असे कोणी विचारत नाही.

ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे श्रद्धेची परीक्षा कोणी घेत नाही. हजेरी मात्र पाहिली जाते. शिगम्यात ढोल वाजवायला आलास का, जत्रेला पालखीला खांदा दिलास का, गावकर गाऱ्हाणे घालत असताना 'व्हय म्हाराजा' म्हणायला उभा होतास का. मनात काय चालले आहे ते तुझे तू बघ. या व्यवस्थेत नास्तिकाला जागा आहे. फक्त त्याने बोलायचे नाही. ज्याने तोंड उघडले, तो देवाशी भांडला असे कोणी समजत नाही. तो वाड्याशी, चुलत्यांशी, मेलेल्या आजोबांशी भांडला असे समजले जाते.

त्यामुळे आपल्याकडचा नास्तिक माणसांत असूनही एकटा असतो. देशभर पाहिले तरी चित्र फार वेगळे नाही. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांशी बोलणे झाले होते. त्यांतील ९७ टक्क्यांनी आपण देव मानतो असे सांगितले. उरलेल्या तिघांत 'नक्की सांगता येत नाही'वालेही आले. तरीही हजार मतदारांच्या गावात हे वीस-तीस जण भरतील. अडचण अशी की त्या वीस-तीस जणांना एकमेकांचा पत्ता नसतो. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशात ३३ हजारांच्या आसपास होते आणि त्यांतले जवळपास दहा हजार महाराष्ट्रात. हा आकडा खरा मानावा असे आम्हाला वाटत नाही. गणनेला आलेला माणूस आडनाव ऐकतो आणि धर्माचा रकाना स्वतःच भरून टाकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

एकमेकांचा पत्ता शोधण्याची ही धडपड मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. मराठीत ती टपालाने चालत असे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला, तेव्हा विरोधकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. पण तोच अंक लांबच्या एखाद्या गावातल्या शिक्षकाच्या हाती पडला की त्याला कळत असे की असा विचार करणारा आपण एकटे नाही. आगरकर १८९५ साली गेले. आपल्या मागे अंत्यविधीच्या खर्चासाठी बायकोला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी पैसे आधीच बांधून ठेवले होते, असे त्यांच्या चरित्रात येते. वाचक मिळाले होते, पण खांदा द्यायला कोण येईल याची खात्री नव्हती, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. देव न मानणाऱ्याची ही विवंचना आजही बदललेली नाही. लेखात पुढे ती पुन्हा येईल.

र. धों. कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ असे चालले. संततिनियमनासाठी ते प्रसिद्ध, पण वाचकांच्या प्रश्नांना कर्वे जी रोखठोक उत्तरे देत, त्यासाठीही लोक वर्गणी भरत. १९३४ मधल्या त्यांच्यावरील एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १९९० साली नागपुरात दि. य. देशपांडे यांनी आगरकरांचा वारसा सांगत मासिक काढले, तेच आजचे 'आजचा सुधारक'. ते आधी टपालाने घरी येई, आता ते संकेतस्थळावर वाचता येते. एवढ्या एका बदलात या सगळ्या प्रवासाची गोष्ट आली.

आपल्या गोव्याचे नाव यात कुठे येते? धर्मानंद कोसंबी सांखवाळचे. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे हिंडले आणि बौद्ध झाले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी १९०७ साली गोव्यातच जन्मले. ते गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजले. दामोदर कोसंबी पक्के निरीश्वरवादी आणि मार्क्सवादी. पण हाच माणूस पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत वेशीवरच्या, तिठ्यावरच्या मातृदेवतांची ठाणी टिपत असे. कोणत्या देवीला कोण नैवेद्य दाखवते, ठाणे याच वाटेवर का, असे प्रश्न तो गुराख्यांना आणि गावच्या बायकांना विचारत असे. १९६२ मधल्या त्यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी' या पुस्तकात जुन्या काबिजादीतल्या गावकारीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ज्यांना वाटते की देव न मानणाऱ्याला देवळाशी काही देणेघेणे नसते, त्यांनी ते जरूर वाचावे.

आता मोबाइलवरच्या या बैठकांत चालते काय, ते सांगतो. आमच्या ओळखीच्या गटांत पेडण्यातले, डिचोलीतले, सावंतवाडीकडचे आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणारे असे सगळे आहेत. बरेचसे बोलणे साधे असते. सासूने व्रत धरायला सांगितले आहे, काय सांगू? लहान मुलीला 'देवबाप्पा पाहतोय' असे आजी म्हणते, मध्ये बोलावे का? वडिलांच्या तेराव्याला मुंडन केले नाही तर आईला दुखेल, मग करावे का? यांची ठरलेली उत्तरे नसतात. कोणी म्हणतो कर, एका दिवसाचा प्रश्न आहे. कोणी म्हणतो आईशी आधी बोल. विचारणाऱ्याला उत्तरापेक्षा बरे वाटते ते याचे की आपल्याला पडलेला प्रश्न आधी दुसऱ्या कुणाला पडला होता.

काही बोलणे शास्त्राचे असते. वैशाखात शिरगावची जत्रा जवळ आली की होमखणाचा विषय हटकून निघतो. निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडांचे पाय कसे भाजत नाहीत? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. लाकडी कोळसा तापलेला असला तरी उष्णता पुढे फार हळू सोडतो, वर राखेचा थर असतो आणि चालणाऱ्याचे पाऊल एका ठिकाणी क्षणभरच टेकते. आपल्या आज्या चुलीतला निखारा चटकन बोटांनी उचलून बाजूला करत, आणि त्याच बोटांना तव्याची कड मात्र पोळत असे. कारण तेच. पाऊल रेंगाळले, निखारा चिकटला किंवा माणूस पडला तर धोंडही भाजतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव निखाऱ्यांवरून चालून दाखवतात ते याच आधारावर.

पण आमच्यातल्या ज्याचे वडील धोंड आहेत, त्याचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. वडील व्रताचे दिवस पाळतात, तळ्यावर राहतात, स्वतःचे जेवण स्वतः शिजवतात, वर्षभराचे सगळे राग त्या दिवसांपुरते बाजूला ठेवतात. हे सगळे उष्णतेच्या वहनाने समजत नाही. मुलाने वडिलांची वेताची काठी हातात धरून होमखणाच्या कडेला उभे राहायचे की घरी बसायचे, हे त्याने त्याचे ठरवायचे. तो उभा राहतो. आम्हाला त्यात ढोंग दिसत नाही.

सगळे गट मात्र असे समजूतदार नसतात, हेही सांगायला हवे. चेष्टा हाच काहींचा धंदा असतो. २०२५ च्या मे महिन्यात शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे दगावली, अशा वेळी 'तुमची देवी कुठे होती' असे विचारणाऱ्या माणसाशी आमचे जमत नाही. विचारायचेच असेल तर उतारावरची गर्दी, अरुंद वाट, दिवे आणि पोलीस यांच्याबद्दल विचारावे. त्याने पुढच्या वर्षी कुणाचा तरी जीव वाचेल. शिवाय मुद्दाम धार्मिक भावना दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंडसंहितेचे कलम २९५-अ होते. तरुण मुलांना आम्ही हे सांगतो: टीका करता येते, पण रागाच्या भरात पुढे ढकललेले एक चित्रही घरच्यांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावू शकते.

आणखी एक. या गटांत बायका फार थोड्या असतात, आणि असल्या तरी खऱ्या नावाने क्वचित. कारण शोधायला लांब जायला नको. पुरुषाने आरतीला टाळाटाळ केली तर 'त्याचे डोके फिरले आहे' म्हणून हसून सोडतात. सुनेने वटपौर्णिमेचा दोरा गुंडाळला नाही तर तो थेट नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न होतो. घरातले सगळे सोवळे, उपास, नैवेद्य तिच्याच हातून होतात, तेव्हा तिचे न मानणे लपूही शकत नाही. आणि तिच्याकडून जाते तेही जास्त. पौषातल्या चांदण्या रात्री धालो असतात. वाड्यावरच्या बायका मांडावर जमतात, समोरासमोर ओळी धरून गातात, नाचतात, शेवटच्या रात्री काहींच्या अंगात रंभा येते. वर्षातल्या इतर रात्री तिच्या नसतात, या असतात. अंगात येण्यावर विश्वास नसलेली आमची एक मैत्रीण धालो कधी चुकवत नाही. मांडावर तिला जे मिळते ते कुठल्याच गटावर मिळणार नाही, हे ती जाणते. पण आपण हे मानत नाही, एवढे एक वाक्य तिने आयुष्यात प्रथम उच्चारले ते चाळिशीनंतर, अनोळखी बायकांपुढे, फोनवर. या माध्यमाचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो.

नाव लपवण्याचे दुसरे कारण भीती. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात पुलावर गोळ्या घालून हत्या झाली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्यांनी १९८९ मध्ये उभी केली होती. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडत होते, त्याचा वटहुकूम त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. पेडणे-सावंतवाडीकडच्या माणसाला कोल्हापूर लांब नाही. त्या वर्षी अनेक घरांतून मुलांना निरोप गेले की असले काही लिहू नकोस. हेही लक्षात घ्यावे की दाभोलकर देवाधर्माला विरोध करत नव्हते. देव मानणाऱ्यालाही समितीचे काम करता येई आणि आजही येते. श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या शोषणाला त्यांचा विरोध होता.

आता पालकांचे व्यावहारिक प्रश्न. लग्नाचे सर्वांत सोपे, आणि तेही गोव्यामुळे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, धर्म आणि शासन यांची फारकत झाली आणि विवाहाची सरकारी नोंद आपल्याकडे रुजली. आज गोव्यात तालुक्याच्या नागरी निबंधकासमोर पहिली सही होते, मग हरकतींसाठी ठरावीक मुदत जाते आणि साक्षीदारांसमोर दुसरी सही झाली की कायद्याने लग्न लागले. भटजी, होम, सप्तपदी यांची कायद्याला गरज नाही. इतर राज्यांत राहणाऱ्या आपल्या मुलांना धार्मिक विधी नको असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. गोव्यातली गंमत अशी की दुसऱ्या सहीनंतर कायद्याने नवरा-बायको झालेली मुले कित्येक महिने आपापल्या घरी राहतात, कारण अक्षता पडेपर्यंत नातेवाइकांच्या मते काही झालेलेच नसते.

धर्माचा रकाना भरायचा की नाही? मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल दिला की 'मला कोणताही धर्म नाही' असे सांगण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २५ मध्येच येतो आणि शासन कुणावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. गोवा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आहे. त्याच्या आदल्या वर्षी याच न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला होता. शाळेच्या प्रार्थनेला तो हात जोडत नसे.

आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न, जो आगरकरांनाही पडला होता. मेल्यावर काय? पुष्कळ नास्तिक देहदानाचा मार्ग पसंत करतात. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. १८४२ पासून चालत आलेल्या या वैद्यकीय शाळेत पुढचे डॉक्टर त्या देहावर शिकतात. पण एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अर्ज भरला असला तरी मृत्यूनंतर देह नेऊन देण्याचे काम जवळच्या नातेवाइकांना करायचे असते, तेही वेळेत. त्यांनी नकार दिला तर अर्ज कपाटातच राहतो. म्हणून ज्याला देहदान करायचे आहे त्याने पुण्यातल्या मित्रांशी बोलून भागत नाही. त्याने वाड्यावरच्या पुतण्याशी बोलायला हवे. भर पावसात जुलैमध्ये मध्यरात्री पेडण्याहून बांबोळीला गाडी घेऊन निघणारा तोच असणार, आणि तो बहुधा देव मानणारा असेल.

मुले घरापासून तुटतील का, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते इथे आहे. मोबाइलवरची माणसे बोलायला मिळतात. दवाखान्यात रात्र काढायला, शेतातली पाइप दुरुस्त करायला, तिरडी बांधायला अजून वाडाच लागतो, आणि हे आमच्यातल्या सगळ्यांना पक्के माहीत आहे. ज्या घरांत मूल बोलले आणि कोणी ताट भिरकावले नाही, त्या घरांतली मुले चवथीला येतात. जिथे 'हे घर सोडून जा' म्हटले गेले, तिथली फोनवरच राहिली. असे आम्ही दोन्ही पाहिले आहे.

मंडळापुरती एक विनंती आहे. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा सत्यनारायणाच्या पूजेला जोडून, तीर्थप्रसादानंतर भरते. त्यामुळे पूजेला न येणारे सभासद सभेलाही येत नाहीत, आणि मग शिष्यवृत्तीपासून गावच्या बसपर्यंतचे ठराव त्यांच्याविना होतात. पूजा सकाळी व्हावी, आमची त्याला काहीच हरकत नाही, मांडव घालायलाही येऊ. सभा दुपारी तीनला वेगळी ठेवावी. तसा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. खाली सह्या आठ जणांच्या आहेत, त्यांतल्या तिघांनी पहिल्यांदाच आपले नाव घातले आहे.